उत्तर एकमेव, तरीही कोडे फसले : हाताने रचलेल्या सुडोकूविषयी विचारणा

रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सर्वांना नमस्कार. आम्ही सात जण दर रविवारी सकाळी रंकाळ्याला एक फेरी मारून जवळच्याच मिसळीच्या दुकानात बसतो आणि मिसळ येईपर्यंत, व ती संपल्यावरही मालक गल्ल्यावरून आमच्याकडे टक लावून पाहू लागेपर्यंत, सुडोकू सोडवतो. वर्तमानपत्रातल्या कोड्यांवर आमची दहा-बारा वर्षे सुखाने गेली. पुढे एका मित्राच्या मुलाने आम्हाला मिचेल ली यांचे ‘मिरॅकल सुडोकू’ दाखवले आणि वर्तमानपत्राची गोडी उतरली. ज्यांनी ते पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या कोड्यात ८१ पैकी फक्त २ घरांत अंक दिलेले आहेत, आणि नेहमीच्या नियमांखेरीज तीन जादा अटी आहेत : बुद्धिबळातल्या घोड्याच्या एका चालीवर तोच अंक येत नाही, राजाच्या एका चालीवरही येत नाही, आणि बाजूला बाजू लागलेल्या दोन घरांत लागोपाठचे अंक येत नाहीत. ‘क्रॅकिंग द क्रिप्टिक’ या यूट्यूब वाहिनीवर २०२० च्या मे महिन्यात सायमन अँथनी ते सोडवायला बसले, तेव्हा आधी त्यांना ही थट्टाच वाटली होती. नंतरचा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा आहे.

तेव्हापासून आम्ही अशी हाताने रचलेली, जादा नियमांची कोडी शोधून त्यांच्या झेरॉक्स काढू लागलो, आणि यंदाच्या पावसाळ्यात मी स्वतः एक कोडे रचण्याचे धाडस केले. त्यात तीन थर्मामीटर आहेत, म्हणजे फुग्यापासून टोकाकडे अंक चढत जातात; दोन व्हिस्पर रेघा आहेत, ज्यांवर लगतच्या दोन अंकांत किमान ५ चा फरक असतो; आणि बेरीज दिलेले अकरा पिंजरे, म्हणजे वेढून दाखवलेले घरांचे गट, आहेत, म्हणजे ज्याला आपण किलर म्हणतो तो प्रकार. खरे सांगायचे तर पिंजरे आधी चारच होते. संगणकाने ‘एकाहून अधिक उत्तरे’ असे सांगितले की मी एक पिंजरा वाढवायचो, पुन्हा तपासायचो, पुन्हा वाढवायचो. रात्री साडेबाराला ‘उत्तर एकमेव’ असा निकाल आला, तेव्हा तो अकरावा पिंजरा होता. त्या आनंदात मी घरच्यांना उठवले, हेही कबूल करतो.

रविवारी छापील कागद वाटले. पाऊण तास झाला तरी कोणाचेही गाडे दहा-बारा अंकांपलीकडे गेले नाही. दोघांनी कागद घडी करून खिशात घातले. एकाने मात्र चिकाटीने ते पुरे केले, पण कसे, तर एका घरात ३ किंवा ७ एवढेच उरले होते, तिथे ३ मानून तो पुढे गेला, वीसेक घरे भरल्यावर तीन गुणिले तीनच्या एका पेटीत दोन ८ आले, मग सगळे खोडून ७ घातला आणि कोडे सुटले. कागद माझ्या हातात देत तो म्हणाला, “बरोबर हाय, पण मजा न्हाई भावा.” त्या कागदाला खोडरबराने दोन ठिकाणी भोके पडली होती.

माझे तीन प्रश्न आहेत. उत्तर एकमेव असूनही कोड्यात नेमके काय चुकले, हा पहिला. दुसरा असा की पुढच्या कोड्यासाठी मी मधल्या पेटीच्या कडेच्या आठही घरांतून फिरणारे व्हिस्परचे बंद कडे काढले आहे. ते दिसते फार सुरेख, पण बाकी पट कोरा ठेवला तरी संगणक ‘उत्तर नाही’ असेच सांगतो, ते का? आणि तिसरा, आमच्यातल्या दोन ज्येष्ठांना इंग्रजी नियम वाचायला आवडत नाही, तेव्हा हे नियम मराठीत निःसंदिग्धपणे कसे लिहावेत?


साचेवाला (उद्यमनगर, कोल्हापूर)

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण पहिल्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे.

व्हिस्पर रेघेवर ५ बसूच शकत नाही. त्याच्यापासून ५ च्या अंतरावर ० आणि १० येतात. उरलेल्या आठांत १ ते ४ लहान आणि ६ ते ९ मोठे. दोन लहानांत किंवा दोन मोठ्यांत ५ चा फरक पडत नाही, म्हणून रेघेवर लहान, मोठा, लहान, मोठा अशी आळीपाळी चालते. आता ४ कडे पाहा. त्याच्या शेजारी ९ खेरीज कोणीही चालत नाही, आणि तसेच ६ च्या शेजारी १ खेरीज कोणी चालत नाही. आपले कडे बंद असल्यामुळे ४ ला दोन शेजारी मिळतात, त्या दोघांनाही ९ व्हावे लागते, आणि एका पेटीत दोन ९ येत नाहीत. संगणकाचा निकाल बरोबर होता. त्याने कारण तेवढे सांगितले नाही.

आता तेच कडे एका जागी तोडून पाहा. मधल्या पेटीच्या सर्वांत वरच्या ओळीतले डावे घर आणि मधले घर यांना जोडणारा तुकडा पुसून टाका, म्हणजे डाव्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरून, पेटीला वळसा घालून पुन्हा वर येणारी आठ घरांची उघडी रेघ उरेल. आठही घरे एकाच पेटीतली, म्हणजे त्यांवर ५ सोडून सगळे अंक एकेकदा येणार, आणि ५ पेटीच्या मधोमध बसणार. ४ ला एकच शेजारी परवडतो, म्हणून तो एका टोकाला. ६ चीही तीच गत, म्हणून तो दुसऱ्या टोकाला. ४ ला लागून ९, ६ ला लागून १. राहिले २, ३, ७ आणि ८. यांत ३ ला ७ चालत नाही, कारण फरक ४ च पडतो. तेव्हा ३ ला ९ आणि ८ यांच्यामध्येच बसावे लागते, आणि बघता बघता सगळी रेघ ४-९-३-८-२-७-१-६ अशी ठरून जाते. एकही अंक न देता अख्खी पेटी ठरली! प्रश्न राहिला एवढाच, की ४ कोणत्या टोकाला आणि ६ कोणत्या. त्यासाठी डाव्या टोकाच्या लगेच खालच्या घरात एका थर्मामीटरचा फुगा ठेवा आणि त्याची नळी डावीकडच्या पेटीत जाऊ द्या. ते रेघेवरचे दुसरे घर, म्हणजे तिथे ९ किंवा १; फुग्यातच ९ आला तर नळीत चढायला अंक उरत नाही; म्हणून तिथे १, त्याच्या वर कोपऱ्यात ६, आणि मग बाकीचे आपोआप.

हे सगळे सोडवणाऱ्याला तिखट रस्स्याचा घाम पुसता पुसता दिसू शकते. आपल्या पहिल्या कोड्यात अशी जागा कुठे होती, हे आपल्याला स्वतःला सांगता येईल का? माझा अंदाज असा की येणार नाही, कारण आपण कोडे रचले आणि ते सोडवले संगणकाने. संगणक काही लाख फांद्या क्षणात तपासून उत्तर एकच आहे असे सांगतो. त्या फांद्यांतून माणसाला चालता येईल अशी पायवाट आहे की नाही, हा वेगळाच प्रश्न, आणि तो त्याला कोणी विचारलेलाच नसतो.

मी तीस वर्षे ओतकामासाठी लाकडी पॅटर्न केले, म्हणजे ज्यांच्याभोवती वाळूचा साचा दाबतात ते नमुने. बीड (ओतीव लोखंड) निवताना आकसते म्हणून पॅटर्न मीटरमागे साधारण १० मिलिमीटर मोठा करतात, हे नवा पोरगाही पहिल्या महिन्यात शिकतो. पण बाजूंना टेपर, म्हणजे साच्यातून सहज सुटण्यापुरता किंचित उतार, द्यायला तो हमखास विसरतो. मापे अगदी बिनचूक, तरी पॅटर्न वर उचलताना वाळूची भिंत ढासळते आणि साचा वाया जातो. आपल्या कोड्याला टेपर नव्हता.

रचण्याची माझी पद्धत सांगतो. एकच कल्पना घ्यायची, जशी ही तुटलेल्या कड्याची. कोऱ्या पटावर तेवढीच काढायची, आणि स्वतः सोडवणारा होऊन तिच्यातून जे जे निघते ते पेन्सिलीने भरायचे. जिथे अडाल, तिथे आणि तिथेच पुढची खूण द्यायची, तीही अशी की आधी भरलेल्या अंकांशी तिचे काहीतरी बोलणे होईल. वरच्या उदाहरणात मधल्या आडव्या ओळीत १, ५ आणि ३ बसले आहेत. तेव्हा त्याच ओळीतून डावीकडे गेलेल्या नळीत ३ आणि ५ येऊ शकत नाहीत, ही गोष्ट पुढच्या खुणेने वापरलीच पाहिजे. असे चालत गेलात की शेवटी संगणकाला विचारायचे ते केवळ नजरचुकीची खात्री म्हणून.

आणि दोन उत्तरे निघाली तर पिंजरा कुठेतरी डकवू नका. दोन्ही उत्तरे शेजारी शेजारी मांडा आणि ती कुठे वेगळी पडतात ते बघा. पुष्कळदा दोन ओळी, दोन स्तंभ आणि दोन पेट्या यांत मिळून चारच घरे असतात, ज्यांत दोन अंकांची अदलाबदल होते. तिथे एक अंक दिला की काम झाले. आपण बहुधा दुखते गुडघ्याला आणि पट्टी कोपराला, असे सात वेळा केले.


टायमर_चालू (इचलकरंजी)

मला ही सगळी चर्चा थोडी सोवळ्यातली वाटते. स्पर्धेत बसलात की गुण मिळतात ते वेळेत भरलेल्या बरोबर उत्तराला. ते तर्काने आले की ३ मानून पाहिल्याने, हे उत्तरपत्रिकेवर कुठेही लिहावे लागत नाही. जागतिक सुडोकू अजिंक्यपद स्पर्धा आपल्याकडे २००८ साली गोव्यात आणि २०१७ साली बंगळुरूत झाली. तिथे येणारे खेळाडू दोन शक्यता उरल्या की एक धरून धडाधड पुढे जातात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. आपल्या मित्राने कोडे सोडवले, म्हणजे ते सुटण्यासारखे होते. तक्रार कशाची?

दुसरे, केवळ २ अंक दिलेल्या कोड्याविषयी मला शंका आहे. १७ पेक्षा कमी अंक दिले तर सुडोकूचे उत्तर एकमेव राहत नाही, असे सिद्ध झाल्याचे मी वाचले आहे.


पाटीपेन्सिल (गडहिंग्लज)

१७ ची गोष्ट खरी आहे, पण ती साध्या सुडोकूपुरती. डब्लिनच्या विद्यापीठातले गॅरी मॅकग्वायर यांच्या गटाने २०१२ साली संगणकावर संपूर्ण शोध घेऊन दाखवले, की १६ अंकांचे एकमेव उत्तराचे साधे सुडोकू असू शकत नाही. जादा नियम आले की ते नियमच माहिती पुरवतात, त्यामुळे दोनच काय, शून्य अंक दिलेली कोडीही सर्रास रचली जातात. वर साचेवाल्यांनी एकही अंक न देता पेटी भरून दाखवलीच आहे.

मी शाळेत गणित शिकवते आणि दर शनिवारी सातवीच्या वर्गाला एक जादा नियमाचे कोडे देते, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नावर मला थोडे बोलता येईल. नियम चुकीचा लिहिला गेला तर मुले तासाच्या पहिल्या दहा मिनिटांत तो उघडा पाडतात, आणि त्यांच्याइतका निर्दय परीक्षक मला अजून भेटलेला नाही.

शब्द साधे ठेवावेत. ‘घर’ हा बुद्धिबळातलाच शब्द आहे, तो इथे चपखल बसतो; ‘आडवी ओळ’, ‘उभा स्तंभ’ आणि तीन गुणिले तीनसाठी ‘पेटी’, एवढ्यावर भागते. घोड्याच्या नियमासाठी इंग्रजीत दोन ओळी खर्च होतात, आपल्याला मात्र ‘घोड्याच्या अडीच घरांवर तोच अंक येत नाही’ एवढे पुरते, कारण अडीच घरे म्हटले की पटावर कधी न बसलेल्या मुलालाही चाल ठाऊक असते. ‘थर्मामीटर’, ‘व्हिस्पर’, ‘किलर’ ही नावे तशीच राहू द्यावीत. मी व्हिस्परला ‘कुजबुज रेघ’ म्हणून पाहिले. वर्गात इतका हशा पिकला, की तो नाद सोडला.

खरी अडचण शब्दांची नसून न सांगितलेल्या गोष्टींची असते. ‘शेजारची घरे’ असे लिहिले की कर्णातली घरे धरायची की नाही, हे प्रत्येकजण आपापल्या मनाने ठरवतो. म्हणून मी ‘बाजूला बाजू लागलेली घरे’ असे लिहिते, आणि रेघ असेल तर ‘रेघेवर लागोपाठ येणारी घरे’. पिंजऱ्यात अंक पुन्हा येऊ शकतो का, हे लिहायलाच हवे, कारण पिंजरा दोन पेट्यांत पसरला असेल तर सुडोकूचा नियम त्याला अडवत नाही. किलरमध्ये बहुतेक रचनाकार पुनरावृत्ती होऊ देत नाहीत. उलट बाणाच्या कोड्यात, जिथे बाणावरच्या अंकांची बेरीज वर्तुळातल्या अंकाइतकी असते, तिथे बाण पेटी ओलांडून गेला तर पुनरावृत्तीला सहसा मुभा असते. आणि ठिपक्यांचे कोडे तर फारच फसवे. पांढरा ठिपका म्हणजे लागोपाठचे अंक, काळा ठिपका म्हणजे एक अंक दुसऱ्याच्या दुप्पट. पण जिथे ठिपका नाही तिथे हे दोन्ही संबंध नाहीतच असे समजायचे, की सगळे ठिपके दाखवलेले नाहीत असे समजायचे? या एका वाक्यावर कोडे सोपे किंवा अशक्य होते. मी ते वाक्य नियमांच्या अगदी शेवटी, स्वतंत्र ओळीत आणि अधोरेखित करून लिहिते.

जाता जाता एक गोष्ट. हाताने कोडी रचणे ही काही यूट्यूबने आणलेली नवी हौस नाही. हॉवर्ड गार्न्स या अमेरिकन गृहस्थांचे ‘नंबर प्लेस’ १९७९ साली डेल या अमेरिकन प्रकाशनसंस्थेच्या मासिकात छापून आले. १९८४ साली निकोली या जपानी प्रकाशनसंस्थेने ते उचलले, माकी काजी यांनी त्याला आजचे नाव दिले, आणि दिलेले अंक ३२ पेक्षा जास्त नकोत व त्यांची मांडणी सममित हवी, असे दोन दंडक घालून ती संस्था हाताने रचलेली कोडी छापत राहिली. वर्तमानपत्रांत संगणकाने पाडलेल्या कोड्यांचा पूर आला तो नंतर, २००४ च्या नोव्हेंबरात वेन गूल्ड यांनी आपल्या प्रणालीने तयार केलेली कोडी लंडनच्या ‘द टाइम्स’मध्ये सुरू झाल्यावर. आपण ज्या कोड्यांवर दहा-बारा वर्षे काढली ती त्या पुरातली; आता आपण उगमाकडे निघाला आहात.


साचेवाला (उद्यमनगर, कोल्हापूर)

टायमर_चालू यांच्या आक्षेपाला उत्तर द्यायला हवे, कारण तो अर्धा बरोबर आहे. दोन शक्यतांतली एक मानून पाहणे हा गुन्हा नाही. ‘इथे ९ असता तर नळीत चढायला अंक उरला नसता’ हेही शेवटी तेच आहे. फरक लांबीचा आहे. एक-दोन पावलांत, कागदाला पेन्सिल न लावता जो विरोध डोळ्यांना दिसतो त्याला आपण तर्क म्हणतो. वीस घरे भरल्यावर जो सापडतो त्याला मी हमाली म्हणतो. स्पर्धेत हमालीचेही गुण मिळतात, हे मान्य. पण रविवारी मिसळीच्या टेबलावर बसलेल्या सहा जणांना कोणी घड्याळ लावलेले नाही, आणि त्यांच्यासाठी कोडे रचणाऱ्याने ती मजुरी त्यांच्या माथी का मारावी?


सोळाघरे (पुणे, मूळचा शाहूपुरी)

चर्चा उशिरा वाचली. रंकाळाकाठ यांना एका मोहापासून सावध करावेसे वाटते, कारण पुढच्या सहा महिन्यांत तो मोह त्यांना होणार हे नक्की.

जादा नियमांच्या कोड्यांत मुरलेले लोक ‘फिस्टोमेफेलचे कडे’ नावाची एक युक्ती वापरतात. फिस्टोमेफेल हे एका जर्मन रचनाकाराचे टोपणनाव. मधल्या पेटीला बाहेरून वेढणारी सोळा घरे घ्या, आणि पटाच्या चार कोपऱ्यांतली दोन गुणिले दोनची चार ठोकळी, म्हणजे तीही सोळा घरे, घ्या. कोणत्याही बरोबर भरलेल्या सुडोकूत या दोन्हींत अगदी तेच अंक तितक्याच वेळा येतात. पहिल्यांदा ऐकले की खोटे वाटते. सिद्धता मात्र एका श्वासात सांगता येते. तिसरी आणि सातवी आडवी ओळ व मधल्या पट्टीतली डावी आणि उजवी पेटी एकत्र केली, तर १ ते ९ चे चार संच होतात. पहिला, दुसरा, आठवा आणि नववा स्तंभ एकत्र केले, तरी चारच संच होतात. या दोन ढिगांत जी घरे सामाईक आहेत, म्हणजे त्या चार स्तंभांची तिसऱ्या ते सातव्या ओळीपर्यंतची वीस घरे, ती दोन्हींकडून काढून टाकली, की एकीकडे कड्याची सोळा घरे उरतात आणि दुसरीकडे कोपऱ्यांची सोळा. सारखे असलेल्यातून सारखेच काढले, तेव्हा उरलेलेही सारखेच. जुन्या पुस्तकाच्या मागच्या पानावर मी हे पाच रंगांच्या पेन्सिलींनी काढून ठेवले आहे आणि अजूनही अधूनमधून उघडून बघतो.

आता मोह असा, की हे समजल्याबरोबर माणूस असे कोडे रचतो, ज्याचे दार या एकाच किल्लीने उघडते. मी तसे रचले, आमच्या कार्यालयातल्या चौघांना दिले, आणि तीन दिवस त्यांच्या टेबलांवर तो कागद तसाच पडून राहिला. कोडे निर्दोष होते, वाटही होती, पण ती किल्ली माझ्याच खिशात होती. ज्याला ती युक्ती ठाऊक नाही त्याने ती रविवारी सकाळी नव्याने शोधून काढावी, अशी अपेक्षा धरणे म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून घराला कुलूप लावण्यासारखे आहे. नंतर मी त्याच कोड्यात कोपऱ्यांच्या चार ठोकळ्यांना आणि मधल्या कड्याला एकच फिकट पिवळा रंग दिला. त्याखेरीज काहीही बदलले नाही. चौघांपैकी एकीने दुपारच्या डब्याच्या वेळेत ‘या दोन पिवळ्यांचा काही संबंध आहे का’ असे विचारले, आणि चार वाजेपर्यंत सिद्धताही स्वतःच्या स्वतः काढली. नियम न वाढवता नुसती नजर वळवता येते, हे मला तेव्हा कळले.

ज्या छोट्या गोष्टी सोडवणाऱ्याला जागच्या जागी शोधता येतात, त्यांवर कोडे उभे करावे. उदाहरणार्थ सँडविचचा प्रकार घ्या, ज्यात ओळीतल्या १ आणि ९ यांच्यामध्ये येणाऱ्या अंकांची बेरीज बाहेर दिलेली असते. २ ते ८ यांची बेरीज ३५, म्हणून बाहेर ३५ दिसले की १ आणि ९ ओळीच्या दोन टोकांना. आणि ३४ तर कधी दिसणारच नाही, कारण ३५ मधून एखादा अंक वगळायचा तर तो किमान २ असतो. हे कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या ज्येष्ठ मित्रांना असे एखादे देऊन पाहा.


रंकाळाकाठ (कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. दोन रविवार मध्ये गेले, म्हणून उत्तरास उशीर झाला.

अकरा पिंजऱ्यांचे कोडे मी फाडून टाकले. साचेवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे तुटलेले कडे आणि डावीकडे जाणारा थर्मामीटर कोऱ्या पटावर काढून बसलो, आणि संगणक बंद ठेवला. पाच संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या संध्याकाळी असे लक्षात आले, की मी हौसेने काढलेला तिसरा थर्मामीटर कुठेच उपयोगी पडत नाही. तो दिसायला छान होता, तरी पुसला. शेवटी चार पिंजरे, दोन थर्मामीटर आणि ते एक कडे एवढेच राहिले. संगणकाने दोन उत्तरे दाखवली, ती शेजारी शेजारी मांडली, आणि खरोखरच वरच्या दोन पेट्यांतल्या चार घरांत २ आणि ९ यांची अदलाबदल होत होती. तिथे ९ दिला. पूर्ण पटावर दिलेला तो एकमेव अंक.

परवाच्या रविवारी मात्र एक वेगळाच घोटाळा झाला, जो आपल्यापैकी कोणी सांगितला नव्हता. मूळ कागदावर व्हिस्पर रेघ प्रथेप्रमाणे हिरवी होती आणि थर्मामीटर राखाडी. झेरॉक्स काळ्या-पांढऱ्यात निघाल्या आणि दोन्ही एकाच राखाडी रंगाच्या झाल्या. त्यात थर्मामीटरचा फुगा रेघेवरच बसलेला, त्यामुळे तिघांनी सबंध कड्यालाच थर्मामीटरची नळी समजून कोपऱ्यातून चढते अंक भरायला सुरुवात केली. दहा मिनिटे मला कळेचना की यांचे काय चालले आहे. कळल्यावर दुकानदाराच्या मुलीकडून हिरवे स्केचपेन मागून घेतले आणि सहाही कागदांवर रेघ गिरवून दिली.

त्यानंतर पाच जणांनी कोडे सोडवले, सर्वांत आधी सुटले ते पाऊण तासाच्या आत. ज्याच्या कागदाला मागच्या वेळी भोके पडली होती तो फुग्यातल्या १ पाशी आला तेव्हा त्याने पेन्सिल खाली ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि नुसताच हसला; मजेविषयी या वेळी काही बोलला नाही, आणि मीही विचारले नाही. सहाव्याचे अडले ते माझ्या नियमामुळे. पिंजऱ्यात अंक पुन्हा येतो की नाही हे लिहायचे राहून गेले होते, आणि दोन पेट्यांत पसरलेल्या पिंजऱ्यात त्याने दोन ४ घातले होते. पाटीपेन्सिलताई, ते वाक्य आता मी शेवटच्या स्वतंत्र ओळीत अधोरेखित करून लिहिले आहे. पुढच्या रविवारसाठी सँडविचचे काम सुरू केले आहे. त्यात रेघाच नसल्यामुळे स्केचपेन लागणार नाही, तरी एक विकत घेऊन ठेवले आहे.